इतकं बदलल्यावर ती जुनी गाडी राहिली का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "एवढं सगळं बदललंत, मग ही जुनी गाडी राहिली कुठे?" हा प्रश्न मला इथे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीतले शेजारी विचारतात, पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात. सगळ्यात आधी तो विचारला सांगलीच्या काकांनी, फोनवर. मी तेव्हा उत्तर दिलं ते अर्धवट होतं. आज नीट देतो.

गाडी आहे १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री म्हणजे तिसरी आवृत्ती. दोन सीटची, उघडी, १२९६ सीसीची. ती तयार झाली आमच्याच गावात, कॅनलीच्या कारखान्यात. कारखाना आता नाही, पण त्या भागात एका रस्त्याला हेराल्ड ॲव्हेन्यू हे नाव आहे. हेराल्ड म्हटलं की आपल्याकडच्या साठी-सत्तरीतल्या माणसांचे कान टवकारतात. १९६१पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स हीच गाडी 'स्टँडर्ड हेराल्ड' नावानं बनवत होती. काकांकडे पांढरी होती. सांगलीच्या गावभागातल्या अरुंद बोळात, जिथे ॲम्बॅसिडरला तीनदा मागेपुढे करावं लागे, तिथे काकांची हेराल्ड एका दमात वळायची. बॉनेट पुढच्या बाजूला अख्खं उलटायचं आणि आम्ही पोरं पुढच्या चाकावर बसून इंजिन बघायचो.

स्पिटफायर ही तिची सख्खी धाकटी बहीण. हेराल्डची चासी आखूड केली, बाजूचे दांडे काढून टाकले आणि त्यावर तूरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी नवं अंग चढवलं. हेराल्डही त्यांचीच. ट्रायम्फकडे पैसे नसल्यामुळे पहिला नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून होता. १९६१मध्ये ट्रक बनवणाऱ्या लेलँडनं ती कंपनी घेतली, नव्या साहेबांनी ते कापड उचललं, आणि १९६२च्या ऑक्टोबरात गाडी लंडनच्या प्रदर्शनात उभी राहिली. माझी गाडी मला मिळाली तीही एका शेडमध्ये, ताडपत्रीखाली. उलटलेलं बॉनेट पाहिलं आणि मी भाव करायचा विसरलो.

आता बदलांकडे येतो. पहिली दोन वर्षं मी काहीच 'सुधारलं' नाही. नुसता गंज काढला. चासीला बाजूचे दांडे नसल्यामुळे स्पिटफायरचा सगळा ताण दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यावर येतो. इथे त्याला सिल म्हणतात. तो कुजला की गाडी मधून वाकायला लागते, आणि तसाच कापला तर दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. मी संध्याकाळच्या वर्गात जाऊन वेल्डिंग शिकलो. दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी दांडे टाकून ती जखडली, दाराभोवतीच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवल्या, मग एकेक बाजू कापली. हे काम घाईनं करणाऱ्यांच्या गाड्या मी पाहिल्यात. रंग आरशासारखा, आणि दार उचलून लावावं लागतं. जुन्या गाडीवर पैसे खर्च करायचे असतील तर आधी पत्र्यावर करा. बाकी सगळं नंतर.

मग पुढची चाकं. त्यांच्या खालच्या सांध्याला ट्रनियन म्हणतात. पितळेसारख्या धातूचा ठोकळा, आत आटे, आणि स्टिअरिंग वळवलं की उभा दांडा त्या आट्यांत फिरतो. यात गिअर ऑईल घालायचं असतं, ९० नंबरचं. ग्रीस नाही. आधीच्या मालकाच्या काळात कुठल्याशा गॅरेजनं वर्षानुवर्षं ग्रीसच भरलं होतं. ग्रीस घट्ट होतं, आटे कोरडे पडतात, पाणी शिरतं, आणि एक दिवस चालत्या गाडीत दांडा तुटून चाक आडवं होतं. माझ्या गाडीचा डावा दांडा काढला तेव्हा आटे गंजून निम्मे झाले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आदल्याच रविवारी मुलीला शेजारी बसवून गल्लीत एक चक्कर मारली होती. इथे सुधारणा काहीच केली नाही. नवे दांडे, नवे ट्रनियन आणि साधं गिअर ऑईल, बास. मूळ रचना चांगली असेल तर तिला तिचं ऑईल द्यायचं आणि गप्प बसायचं.

इंजिनाचंही तसंच. या इंजिनाची एक जुनी दुखरी जागा आहे. क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, पुढेमागे सरकू नये म्हणून अर्धचंद्रासारखे दोन पातळ वॉशर असतात. क्लच दाबला की सगळा जोर त्यांच्यावर येतो. ते झिजून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये पडले तर क्रँक थेट ब्लॉकला घासते आणि इंजिन जातं. तपासायला मोठं यंत्र लागत नाही. मुलीला क्लच दाबायला सांगितला, मी समोरून पुली बघत बसलो. "बाबा, हलतेय का?" हलत होती, डोळ्यांना दिसेल इतकी. इंजिन न उतरवता, खालून चेंबर खोलून नवे वॉशर घातले. ब्लॉक वाचला होता. आता हे दर हिवाळ्यात बघतो. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आजच बघा.

खरा बदल केला तो मागच्या पाट्याचा, म्हणजे पानांच्या स्प्रिंगचा, आणि काकांचा आक्षेपही तिथेच होता. हेराल्ड काय, स्पिटफायर काय, मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या डोक्यावर एकच आडवा पाटा, आणि चाकांचे दांडे डिफरन्शियलपाशी बिजागरीसारखे हलणारे. वळणावर वेगात असताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं, आणि गाडी शेपटी फिरवते. माझ्या बाबतीत ते पहिल्याच पावसात, एका चौकात झालं. गाडी आडवी होऊन थांबली. समोर कोणी नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

ट्रायम्फला हे ठाऊक होतं. १९७०च्या मार्क फोरमध्ये त्यांनी पाट्याची बहुतेक पानं मध्ये घट्ट न आवळता झुलती ठेवली. दोन्ही चाकं खड्ड्यात गेली तर पाटा पूर्ण काम करतो, पण गाडी कलली तर तो मागचा भाग उचलून धरत नाही. कलण्याला आवर घालायचं काम पुढच्या जाड अँटी-रोल बारकडे गेलं. तो पाटा आणि तो बार माझ्या मार्क थ्रीमध्ये बसवला. बोल्टची भोकं जुळतात, नवं काही कापावं लागत नाही. आपल्याकडे मद्रासनंही मागची रचना बदलली, वेगळ्या तऱ्हेनं. १९७२च्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये त्यांनी हलते दांडे काढून सरळ एकसंध ॲक्सल टाकला. म्हणजे ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनीच, दोन देशांत, हा भाग बदलला. मग मी बदलला तर गाडी परकी कशी होईल?

बाकी किरकोळ आहे. डिलकोत, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, सीटबेल्ट नवे. पेट्रोलच्या नळ्या मात्र चैन म्हणून बदलल्या नाहीत. २०२१च्या सप्टेंबरपासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आणि ते जुनं रबर खातं. भारतात तर आता २० टक्के झालंय. तिकडे जुनी फियाट किंवा हेराल्ड सांभाळणाऱ्यांनी नळ्या आणि कारबुरेटरचे रबर आधी तपासावेत, गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं ही थट्टा नाही.

जे केलं नाही तेही सांगतो. नवं इंजिन टाकलं नाही. एसयू कंपनीचे दोन कारबुरेटर तेच आहेत, सकाळी चोक ओढावा लागतो. चाकं रुंद केली नाहीत, कारण बारीक टायरांमुळेच ती कमी वेगातही जिवंत वाटते. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवलाय. उद्या कोणाला १९६८सारखी गाडी हवी असेल तर दोन शनिवार-रविवारांत ती परत तशी होईल. मी हा एकच नियम पाळला, जे परत लावता येणार नाही ते कापायचं नाही. सिल कापले, ते कुजले होते म्हणून, आणि त्यांच्या जागी त्याच मापाचे बसवले.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा काकांना फोटो दाखवले. चष्मा वर करून मागच्या पाट्याचा फोटो त्यांनी बराच वेळ धरला. मग काकू आत गेल्याचं बघून हळूच म्हणाले, "आंबा घाटात, पावसात, माझीही अशीच फिरली होती. कठड्यापर्यंत गेलो होतो. घरात कोणाला बोललो नाही." फोटो परत देताना त्यांनी विचारलं, "असा पाटा तेव्हा मिळाला असता का रे?"

१९७० नंतर मिळाला असता, म्हटलं, पण कॉव्हेंट्रीत.