गड्डीगोदामच्या पुलाखाली

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या लेकीला ताडोबाचा वाघ बघायचा होता आणि बाबांना गड्डीगोदामचा पूल. बाबांचं ऐकलं, म्हणून नागपूर.

पुण्याहून रात्रभराची गाडी, नागपूरच्या महाल भागात आत्याच्या हातची सांबारवडी, मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय, सकाळचे तर्री पोहे. सगळं मजेत झालं. लिहायचंय ते मात्र कामठी रोडवरच्या गड्डीगोदामच्या त्या तासाभराबद्दल.

बाबा पूल बांधणारे इंजिनिअर. माझी शाळेची बरीच वर्षं ते आधी मस्कतला आणि मग दार-ए-सलामला होते. मस्कतला शुक्रवारी त्यांची सुट्टी, त्या रात्री शेजारच्या जोशीकाकूंकडे फोन यायचा. भूमिती मला त्यांनी पत्रातून शिकवली. प्रमेयाची आकृती साइटवरच्या निळ्या पेन्सिलीने, पट्टी लावून काढलेली असायची. पत्र पोचेपर्यंत कधीकधी चाचणी होऊन गेलेली असायची, तरी पुढचं पत्र यायचंच. आई ती सगळी पत्रं डब्यात ठेवायची. आता तो डबा माझ्याकडे आहे.

गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, रेल्वेवरून उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. मेट्रो 2022 च्या डिसेंबरपासून इथून धावते, उड्डाणपूल 2024 मध्ये खुला झाला. रुळांवरचा पोलादी गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, 80 मीटरचा, वजन 1650 टन. हे आकडे बाबांना घरूनच पाठ होते. ऑटोतून उतरले आणि मान वर करून उभेच राहिले.

"काका, काय पाहून राहिले एवढं?" ऑटोवाल्याने विचारलं.

"बोल्ट पाहतो गा," बाबा म्हणाले. पुण्यात इतकी वर्षं काढली तरी नागपुरात पाय ठेवला की त्यांची बोली परत येते.

मग लेकीला जवळ घेऊन समजावत बसले. धावत्या रेल्वेवर पूल चढवायचा तर गाड्या कायमच्या थांबवता येत नाहीत. मोजक्या तासांचा ब्लॉक मिळतो. तेवढ्यात काम उरकून रूळ मोकळे करून द्यायचे. एकेक तुकडा आधी जमिनीवर जुळवून बघायचा, भोकाला भोक मिळालं पाहिजे. वर गेल्यावर कानस घासत बसायला वेळ नसतो. बोलताना ते दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोड दाखवत होते.

"आबा, हा तुम्ही बांधला?"

"नाही गं. मी सगळे दुसऱ्यांच्या गावात बांधले."

मला एकदम भरून आलं. तक्रारीचा सूर नव्हता त्यात, सरळ उत्तर होतं. आमच्या फिया, आजीचं ऑपरेशन, पुण्याचं घर, सगळं त्या दुसऱ्यांच्या गावांतल्या पुलांवर उभं राहिलं. आपल्या जन्मगावात एक तरी पूल आपल्या हातचा असावा, असं त्यांना वाटलं असणारच. मी विचारलं नाही.

एक राग मात्र आहे. एवढं काम उभं केलं, पण ते नीट उभं राहून बघायला चार माणसांपुरती जागा नाही. मागून हॉर्न, समोरून ट्रक, सत्तरी उलटलेल्या माणसाला दर मिनिटाला बाजूला ओढावं लागतं. मेट्रोत बसून गेलात तर पुलाची रचना दिसतच नाही. गड्डीगोदाम चौक स्टेशनला उतरून खाली या आणि सकाळी लवकर या. आम्ही दुसऱ्या दिवशी तसेच गेलो, कारण लेकीला आबांकडून पुलाचं चित्र काढून हवं होतं. निळी पेन्सिल सीताबर्डीला मिळाली.