दिवसभर पुस्तकांतच असता, मग वाचन भरपूर होत असेल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डोंबिवलीत, फडके रोडजवळच्या एका गल्लीत आमचं पुस्तकांचं दुकान आहे. दुकान काकांचं, मी तिथे नोकरीला. पण ‘आमचं’ म्हणायची सवय लागलीय. बिल होईपर्यंत गिऱ्हाईक चारी बाजूंच्या फडताळांवरून नजर फिरवतं आणि मग हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या सुरात जरासा हेवा असतो, त्यामुळे खरं सांगणं जिवावर येतं. दुकानात वाचन होत नाही. चाळणं होतं.

पण चाळण्यालाही रीत आहे. नवं पुस्तक हातात आलं की आधी पाठराखण, म्हणजे मागच्या कव्हरावरचा मजकूर, मग श्रेयपान – आवृत्ती कितवी, साल कोणतं – मग अनुक्रमणिका आणि शेवटी मधलंच एखादं पान. पाठराखणीवर माझा फारसा भरवसा नाही. तिच्या लेखी प्रत्येक कादंबरी ‘वाचकाला अंतर्मुख करते’. मधल्या पानावर मात्र लेखकाला नटूनथटून बसायला सवड मिळालेली नसते.

सकाळ जाते गठ्ठे सोडण्यात. सुतळी गाठीजवळच कापायची आणि पातं आडवं धरायचं. उभं धरलं की वरच्या प्रतीच्या कव्हरावर रेघ उठलीच. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची प्रत कडेला दबलेली असते. त्या दोन बाजूला काढते. वाचनालयाला चालतात, मुंजीत भेट द्यायला कुणी घेत नाही. मग गठ्ठ्यासोबत आलेल्या चलनाशी ताळा, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात महिना-साल. परतीच्या बोलीवर आलेली प्रत किती दिवस पडून आहे, ते त्यावरून कळतं. काही प्रकाशक न खपलेल्या प्रती परत घेतात. काही रोखीनेच देतात, आणि मग त्या कायमच्या आपल्या. कवितासंग्रह मागवताना काका दोन म्हणतात, मी पाच म्हणते, तीन येतात.

किमतीवरून रोज कुणीतरी उसासा टाकतं. जुन्या आवृत्तीच्या प्रतींवर नव्या किमतीची पट्टी चिकटवलेली असते, ती नखाने सोलून खालची किंमत वाचणं हा तर काहींचा छंदच. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण कागद महागतो तो महागतोच. शिवाय हजाराची आवृत्ती सर्रास निघायची ते दिवस गेले; आता पाचशेची, कधी तीनशेचीच. प्रती कमी निघाल्या की एकेका प्रतीवर खर्चाचा बोजा जास्त. हे सगळं 7:12ची लोकल पकडून आलेल्या, पाठीवर सॅक असलेल्या माणसाला काउंटरवर समजावत बसायचं नसतं. कव्हराचा फोटो काढून ‘घरी विचारून सांगतो’ म्हणणाऱ्यांनाही मी काही म्हणत नाही. मनात म्हणते.

खरी कसोटी लागते ती वेगळीच. परवा एक बाई आल्या. “निळ्या कव्हरचं आहे. बाईंनी लिहिलंय. आत्मचरित्र नाही, पण तसंच. रविवारच्या पुरवणीत आलं होतं.” मी विचारलं, “काकू, पुरवणीत आलं त्याला किती दिवस झाले? जाडजूड आहे का? गावाकडचं की शहरातलं?” कोकणातलं घर आहे म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यात नाव आलं. काढून दिलं तर कव्हर पिवळं! नव्या आवृत्तीत बदललेलं. “हे नव्हे हो, ते निळं होतं.” शेवटी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पहिली दोन पानं वाचायला लावली. तिसरं पान त्यांनी आपणहून उलटलं. या कामात पुस्तक वाचलेलं असण्यापेक्षा ते कुठल्या फळीवर, कुणाच्या शेजारी उभं आहे हे आठवण्याचा उपयोग जास्त होतो.

आमच्याकडे पार्सलासाठी वजनकाटा आहे, त्याला आजी-आजोबांनी वेगळंच काम लावलंय. मुलगा-सून नातवंडांसह अमेरिकेत, सुट्टीला आलेली, परत जाताना बॅगेला 23 किलोची मर्यादा, त्यात पापड-लोणची आधीच भरलेली. मग आजोबा पुस्तकं काट्यावर ठेवतात, काढतात, परत ठेवतात. पुठ्ठा बांधणी आधी बाद होते. पुस्तक कितीही चांगलं असो, एक किलोचा ग्रंथ त्या बॅगेत जात नाही. बालगीतांच्या पातळ पुस्तकांचा खप त्यामुळे मे-जूनमध्ये बरा असतो.

गावोगावी पाठवायच्या पार्सलांचं निराळं दुखणं. टपालाने स्वस्तात पुस्तकं पाठवायची सोय, म्हणजे रजिस्टर्ड बुक पोस्ट, हा छोट्या दुकानांचा मोठा आधार होता, तो डिसेंबर 2024 मध्ये बंद झाला. आम्ही काही महिने कुरिअरवाल्यांशी घासाघीस करत काढले. मग 1 मे 2025 पासून टपाल खात्याचं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं – 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100, वर कर. नियतकालिकं मात्र त्यात बसत नाहीत, म्हणजे दिवाळी अंकांना ती सोय नाही.

दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’ मासिकाच्या 1909 सालच्या अंकापासून मोजतात. एवढ्या वर्षांत अंक वेळेवर यायला काही शिकले नाहीत. दिवाळीच्या पहाटे फडके रोड नव्या कपड्यांतल्या पोरापोरींनी तुडुंब भरतो, आणि आम्ही आत ‘येतोय, येतोय, उद्या नक्की’ असं सांगत उभे. मार्चमध्ये वाचनालयांची धांदल. अनुदानाचा हिशेब 31 तारखेच्या आत लावायचा असल्यामुळे मंडळी याद्या घेऊन येतात आणि पुस्तकाच्या नावाआधी ‘किती टक्के सोडणार?’ विचारतात. त्या महिन्यात चाळणंही होत नाही.

तर वाचन होतं ते घरी, रात्री. दुकानातलं पुस्तक न्यायची मुभा आहे, अट एकच: प्रत परत येताना कोरी दिसली पाहिजे. म्हणून पुस्तक काटकोनापेक्षा जास्त उघडायचं नाही, नाहीतर कण्यावर सुरकुती पडते. शिवणीकडची अक्षरं मान तिरकी करून वाचायची. चहा लांब. चारशे पानांची कादंबरी अशी वाचून बघा, म्हणजे माझ्या मानेला काय होतं ते कळेल. जे फारच आवडतं ते मग विकत घेते, आणि त्याचे पुरते हाल करते: पालथं ठेवते, पानं दुमडते, समासात पेन्सिलीने वाद घालते. हे गिऱ्हाइकांना सांगू नकोस, असं काकांचं म्हणणं आहे.