काजळाच्या मिशीचा पोलीस

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. पोलीस पाटील म्हणून त्या दिवशी माझ्याकडे बहुतेक पालांच्या जागेची भांडणेच येतात. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मात्र चार पोरे धावत आली: "पाटील, नकली पोलीस धरला!"

आलुबोंड्याच्या गाडीजवळ खाकी वर्दीतला पन्नाशीचा माणूस उभा होता आणि एकाने त्याची कॉलर धरली होती. बाकीचे मोबाइलवर चित्रण करत होते, कारण हल्ली आमच्याकडे मदतीआधी चित्रण होते. मी वर्दी वरून खाली न्याहाळली. छातीवर नावाची पट्टी नाही, पट्टा रेक्झिनचा, पायात कॅनव्हासचे बूट, शिट्टीच्या जागी नुसतीच दोरी आणि ओठावर काजळाने जाड केलेली मिशी. लुबाडायला निघालेला माणूस मिशीला काजळ लावत नाही. हा बहुरूपी होता, आणि लहानपणी असाच एक 'जमादार' दारात आल्यावर मी धान्याच्या कोठीमागे लपलो होतो.

त्याने आधार कार्डाची प्रत काढली, पण ती कोणी पाहीना. पोरांच्या संशयाला मी हसण्यावारी नेऊ शकत नव्हतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले होते, आणि तोही आठवडी बाजाराचाच दिवस होता. गर्दी वाढत होती, ठाण्याचा फोन लागत नव्हता. शेवटी मी म्हणालो, "भाऊ, सोंग करून दाखवा."

त्याने कॉलर सोडवून घेतली, भाजीच्या ढिगासमोर ताठ उभा राहिला आणि कडाडला, "डोक्यावर टोपी, अंगाला काटे, वांग्याचं वॉरंट कोण रे फाटे? कांदा रस्त्यात बसून बायांना रडवते, लावा कलम!" भाजीवाली पदर तोंडाला लावून हसली, बाजार हसला, आणि कॉलर धरणाऱ्या पोरानेच दहाची नोट पुढे केली. ती मात्र त्याने घेतली नाही.

नंतर चहा पिताना तो म्हणाला, "पाटीलसाहेब, माणूस पहिले घाबरला पायजे, मंग हसला पायजे. आधीच सांगून टाकलं तर सोंग कायचं?"

हे मला अजून सुटलेले नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ नुसार, लोकांनी आपल्याला सरकारी नोकर समजावे या हेतूने तसा पोशाख घालणे हा गुन्हा आहे, आणि बहुरूप्याची सारी कला तर त्या समजण्याच्या एका क्षणावरच उभी असते. शिवाय १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात गाणे, नाचणे, खेळ करणे याही भीक मागण्याच्या सबबीच धरल्या आहेत. म्हणून परक्यांच्या नोंदीच्या माझ्या वहीत, गावात येण्याच्या कारणापुढे मी 'भिक्षा' न लिहिता 'बहुरूपी' लिहिले. संध्याकाळी बीट जमादारांनी विचारले, "म्हणजे धंदा काय?"

पुढच्या गावी पुन्हा असे होऊ नये म्हणून मीच त्याला वर्दी उतरवायला सांगितली होती. ग्रामपंचायतीमागे ती पिशवीत घालून तो पायजाम्यात बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. मिशीचे काजळ तेवढे पुसायचे राहिले होते.