लेकीचं गेलिक फुटबॉल: क्लबपासून काउंटीपर्यंत

आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांतून हल्ली मला हमखास विचारणा होते, मुलीला गेलिक फुटबॉलला, म्हणजे इथल्या हात-पाय दोन्ही वापरून खेळायच्या फुटबॉलला, घालायचं तर काय करावं लागतं? आमची लेक यंदा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) १६ वर्षांखालच्या पॅनलमध्ये, म्हणजे निवडलेल्या खेळाडूंच्या चमूत, आहे, म्हणून. आम्ही जे पाहिलं ते लिहिते.

सुरुवात फारच सोपी. घराजवळच्या क्लबात जायचं, ऑनलाइन नोंदणी करायची, वर्षाची फी भरायची. बूट, मोजे आणि गमशील्ड (दातांवर बसवायचं संरक्षक कवच) घ्यायचं. गमशील्डशिवाय सरावालाही उभं करत नाहीत. ‘आधी खेळली आहे का?’ असं कुणी विचारलं नाही. कोच म्हणजे वर्गातल्याच कुणाचे तरी आईबाबा. पोलिसांकडून पडताळणी झालेले आणि बिनपगारी.

खरा कस लागतो तो सोलोत. चेंडू हातात धरून चार पावलांहून जास्त पळता येत नाही. मग एकदा टप्पा द्यायचा, एकदा पायाच्या बोटांवरून उडवून परत हातात घ्यायचा, हाच सोलो. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. लेक आधी चेंडू वर उडवायची आणि तो भलतीकडेच जायचा. कोचने सांगितलं, उडवू नकोस, नुसता सोड, आणि बोटं नाकाकडे ओढ. तसं केलं की चेंडू उलटा फिरत आपसूक पोटाशी येतो. हे उजव्या पायाला जमल्यावर डाव्या पायाचं सगळं पहिल्यापासून. आमच्या मागच्या अंगणातल्या गवताचा एक पट्टा त्यात कायमचा गेला.

स्कोअर वाचायची सवय आपल्यालाच करावी लागते. जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. आडव्या दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर १. फलकावर २-९ दिसलं तर मनात १५ म्हणायचं. मुलींना जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येतो, पुरुषांना तो पायाने वर घ्यावा लागतो. मुलींच्या खेळात मुद्दाम खांदा मारणंही फाउल आहे. तरी गुडघे फुटतातच.

काउंटीच्या ट्रायलला क्लबकडून नाव जातं. सगळ्यांना नंबरचे बिब, थोडे ड्रिल्स, मग छोटे सामने. पहिल्या वर्षी तिचं नाव यादीत आलं नाही. घरी दोन दिवस दार आपटणं चालू होतं. पण क्लबच्या कोचने तिला फॉरवर्डमधून काढून हाफ-बॅकला, म्हणजे बचावफळीत, ५ नंबरवर आणलं, तिथून चित्र बदललं. ट्रायलला निम्म्याअधिक मुली आपापल्या क्लबच्या गोल मारणाऱ्याच असतात. चेंडू आपल्याकडे नसताना कुठे उभं राहायचं हे कळणाऱ्या फार थोड्या. बघणाऱ्यांचं लक्ष तिथेच असतं, असं माझं मत झालंय.

निवडीची बातमी ऐकून सांगलीहून माझे बाबा म्हणाले, “अगं, छानच! पण पुढे स्कोप काय? पैसे किती?” पैसे नाहीत, बाबा. अगदी वरपर्यंत हा हौशी खेळ आहे. कॉर्कच्या बायकांनी २००५ ते २०१६ या काळात ११ वेळा ऑल-आयर्लंड, म्हणजे देशातली सर्वोच्च स्पर्धा, जिंकलं. त्यातल्या रीना बकली यांच्याकडे फुटबॉलची ११ आणि कॅमोगीची (काठी-चेंडूचा बायकांचा आयरिश खेळ) ७ ऑल-आयर्लंड पदकं आहेत, आणि पेशाने त्या फिजिओथेरपिस्ट. २०१९ साली डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर बायकांची फायनल बघायला ५६,११४ लोक होते, तरी पगार नाहीच. बाबा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बरं, अभ्यास?”

अभ्यास गाडीत होतो. काउंटीचा सराव वेगळा, क्लबचा वेगळा, आणि काउंटीत गेली म्हणून क्लब सुटत नाही, सुटावा असं तिलाही वाटत नाही. काउंटीत ती बहुतेकदा बाकावर असते. रविवारी क्लबकडून मात्र पूर्ण सामना खेळते आणि चहाच्या टेबलावर केक कापायलाही तिलाच लावतात.

आणि हो, वयोगट १ जानेवारीच्या वयावर ठरतो. मुलगी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेली असेल तर गटात सगळ्यात मोठी, डिसेंबरची असेल तर सगळ्यात धाकटी. आमची नोव्हेंबरची. नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते, तेव्हा नाताळची सुट्टी संपली की लगेच फॉर्म भरून टाका.