अर्जात ‘स्टुडिओ’ लिहिलं आणि अडकले

मी मराठी ऑडिओबुकं वाचते. एकटी, माइकपासून वीतभर अंतरावर बसून. ना ढोल, ना गिटार. तरी बाहेरचा आवाज अडवायला बेडरूमच्या भिंतीला आतून बोर्ड लावण्यासाठी पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं ना हरकत पत्र मिळायला अडीच महिने गेले, कारण अर्जात मी भाबडेपणाने ‘होम स्टुडिओ’ लिहिलं.

सेक्रेटरी काकांनी चष्मा वर केला. “म्हणजे व्यावसायिक वापर.”

“काका, बाहेरचं कुणी येणार नाही. माझा आवाज कोंडायचा नाहीये, सगळ्यांचे कुकर बाहेर ठेवायचेत.”

“मीटिंगला ठेवू.”

मीटिंग महिन्यातून एकदा. पहिली कोरमअभावी तहकूब. दुसरी पार्किंगच्या भांडणात संपली. तिसरीत कुणीतरी शंका काढली, एवढं वजन स्लॅबला पेलेल का? इंजिनिअरचं पत्र आणा! आता साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड चौरस मीटरला 9-10 किलो भरतो. दोन थर लावले तरी दहा फुटी भिंतीला पावणेदोनशे किलोच्या आतबाहेर. पुस्तकांनी छतापर्यंत भरलेलं तेवढंच लांब कपाट याच्या कितीतरी पट जड असतं, त्याला कुणी पत्र मागत नाही. इंजिनिअर हसले, पाच मिनिटांत लिहून दिलं, फी मात्र पूर्ण घेतली. मग नवा अर्ज : ‘बेडरूमचं अंतर्गत काम, भिंत न तोडता.’ दोन दिवसांत सही.

काम आठ दिवसांत उरकलं. मूळ भिंतीला न टेकणारी फ्रेम, आत 50 मिलिमीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची, आवाज शोषणारी गादी), वर बोर्डाचे दोन थर.

हो, फोमचं राहिलंच. या सगळ्याआधी मी खोलीभर फोम चिकटवला होता. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, रस्त्यावरचा हॉर्न तस्साच आत येतो. पैसे पाण्यात. आणि खरं तर दारापासून सुरुवात करायला हवी होती. भिंतीच्या एक टक्का जागेत फट राहिली, तर बाकीची कितीही जाड करा, 20 डेसिबलच्या वर फारसं काही अडत नाही. आमच्या दाराखालून तर बोट जायचं. चौकटीला रबर, दाराखाली पट्टी आणि सरकत्या खिडकीच्या आत दुसरी काच, यातलं एकही काम सोसायटीला विचारून करावं लागलं नाही. हे आधी केलं असतं, तर कदाचित भिंतीची वेळच आली नसती.

कुकर आता ऐकू येत नाहीत. लिफ्टची गुरगुर मात्र स्लॅबमधून येतेच. कुणी वर निघालं की मी वाक्य अर्ध्यात सोडते आणि लिफ्ट थांबायची वाट बघते.