बीर-बिलिंगची ‘पक्की तीस मिनिटं’ नागपुरात विकत घेऊ नका

हिमाचलातल्या बीर-बिलिंगला टँडम पॅराग्लायडिंग, म्हणजे पायलटबरोबर एकाच ग्लायडरखाली दोघांनी उडणं, करायला जरूर जा. आयुष्यात एकदा तरी करा, पन्नाशीच्या आत करा आणि गुडघे धड असताना करा. पण नागपुरात ऑफिसात बसून कोणी ‘तीस मिनिटं पक्की’ असं सांगून उड्डाणाचे पैसे आधी मागत असेल तर एक रुपया देऊ नका. ती तीस मिनिटं त्याच्या हातात नसतात, पायलटच्याही नसतात. हे मला तिथे जाऊन कळलं आणि अजून राग गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा आणि कॉलेजात शिकणारी माझी भाची असे तिघं गेलो. सीताबर्डीवरच्या एका एजंटाने राहणं, जीप आणि उड्डाण असं पॅकेज दिलं. उड्डाणाचे माणशी ४५०० रुपये, ‘थर्टी मिनिट्स, व्हिडिओसकट’. बीरच्या बाजारात उतरलो तर दर दुसऱ्या दुकानाबाहेर २५०० आणि ३००० चे बोर्ड. जीप त्यातच, व्हिडिओचे ५०० वेगळे. म्हणजे जास्तीत जास्त ३५०० चं काम आम्ही ४५०० ला घेतलं होतं. हजार रुपये हे एजंटाचं कमिशन समजून मी गिळलेही असते. पण भाची सकाळी नऊच्या सुमाराला उडाली आणि खाली उतरल्या उतरल्या तिचा फोन आला, “मावशी, आता तं बसली होती अन् आता उतरली बी!” व्हिडिओ पाहिला. पाय सुटल्यापासून पाय टेकेपर्यंत ११ मिनिटं.

एजंटाला फोन लावला तर म्हणाला, “मॅडम, हवेचा प्रश्न आहे, आम्ही काय करणार?” अगदी खरं आहे. मग विकताना हवेचा प्रश्न का नव्हता?

यातलं गणित समजून घ्या, म्हणजे कोणी फसवू शकणार नाही. बिलिंगचं उड्डाणाचं ठिकाण समुद्रसपाटीपासून साधारण २४०० मीटरवर आहे आणि बीरमधलं उतरायचं मैदान त्याच्या सुमारे १००० मीटर खाली. पॅराग्लायडरला इंजिन नाही. दोन माणसं घेऊन तो शांत हवेत दर सेकंदाला सव्वा ते दीड मीटर खाली येतच राहतो. हजार मीटरला तेवढ्याने भागा, अकरा ते तेरा मिनिटं येतात. भाचीला नेमकी तेवढीच मिळाली. तिच्या पायलटने काही चोरलं नाही, सकाळी नऊला त्या हवेत तेवढंच होतं.

त्याहून जास्त वेळ हवा असेल तर वर जाणारी हवा सापडावी लागते. तिला तिथे सगळे थर्मल म्हणतात. धौलाधार डोंगररांगेचे हे उतार दक्षिणेकडे तोंड करून आहेत. ऊन चढलं की ते तापतात, त्यांच्यालगतची हवा गरम होऊन वर सुटते आणि पायलट तिच्यात शिरून गोल गोल फिरत उंची मिळवतो. मे महिन्यात नागपूरच्या तापलेल्या डांबरावर घारी पंख न हलवता वर वर जाताना तुम्ही पाहिल्याच असतील, तीच ही हवा. बिलिंगला घारींऐवजी मोठी हिमालयी गिधाडं असतात आणि पायलट त्यांच्याकडे बघून कुठे वळायचं ते ठरवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ दिवसांत ही हवा साधारण दहा-अकरापासून जागी होते.

मी हट्टाने दुपारी बारानंतरची पाळी मागून घेतली. माझ्या पायलटच्या खांद्याशी एक छोटं यंत्र होतं, व्हेरिओ. वर जाऊ लागलो की ते भराभर टिकटिकतं, खाली जाऊ लागलो की रडका लांब सूर काढतं. सुटल्यानंतर लगेचच ते टिकटिकायला लागलं आणि आम्ही जिथून उडालो ती जागा पायाखाली गेली. खाली रांगेत थांबलेले ग्लायडर, लाल-निळी कापडं पसरलेली, आणि आम्ही त्यांच्याही वर. मागे धौलाधारचा बर्फ इतका जवळ की मी बोलायचीच थांबले. एकूण २६ मिनिटं झाली. पॅकेज तेच, पैसे तेच, फक्त वेळ वेगळी. आजही डोळे मिटले की तो टिकटिक आवाज येतो आणि सगळा राग बाजूला ठेवून सांगते, यासाठी दोन रात्रींचा प्रवास करावाच.

मात्र दुपारची हवा फुकट मिळत नाही. ती उसळते. लहान होडीसारखे धक्के बसतात आणि पोटात ढवळतं. ज्यांना गाडी लागते, जे घाबरट आहेत, ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे, त्यांनी सकाळचीच पाळी घ्यावी आणि बारा-तेरा मिनिटांवर समाधान मानावं. सकाळची हवा लोण्यासारखी असते असं भाचीच म्हणाली. बाकीच्यांनी अकरा ते एकमधली पाळी मागा आणि पैसे देण्याआधी मागा.

आता दुसरी लूट. टेकऑफला पट्टे बांधून झाले की काही पायलट विचारतात, “स्टंट करवा दूँ? पाँच सौ अलग.” स्टंट म्हणजे ग्लायडर एका बाजूला कलंडून भोवऱ्यासारखा फिरवत खाली आणणं. त्यात उंची भसाभस संपते. म्हणजे उड्डाण लवकर संपावं म्हणून तुम्हीच ५०० रुपये मोजता, वर उलटी होते ती वेगळी. दिवाळीच्या गर्दीत हे त्यांच्या सोयीचंही असतं, कारण लवकर खाली उतरलेला पायलट लवकर जीप पकडून वर येतो आणि पुढचं गिऱ्हाईक घेतो. सरळ नाही म्हणा. नवऱ्याला हो म्हणायचं होतं, मी त्याला वरून खालीच उतरू दिलं नसतं.

तर नागपुरातून फक्त राहण्याचं बुकिंग करा. उड्डाण बीरला पोचल्यावर, आदल्या संध्याकाळी, दोन-तीन दुकानांत चौकशी करून ठरवा. दर विचारताना जीप, व्हिडिओ आणि विमा असं प्रत्येक वेगळं विचारा. पायलटचं हिमाचल पर्यटन विभागाचं लायसन्स बघायला मागा. चांगले लोक लगेच मोबाइलवर दाखवतात. जो ‘सब है, टेंशन मत लो’ म्हणून हसतो त्याच्या दुकानातून उठून यायचं. सही करायचा एक कागद देतात, तो वाचा. तुमच्या घरच्या आरोग्य विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, तेही निघण्यापूर्वी पाहून घ्या. वजन खरं सांगा. नव्वद-शंभर किलोच्या पुढे बरेच जण घेत नाहीत, आणि वजन लपवून वर गेलात तर वाऱ्याला ते कळतंच.

बीर ते बिलिंग हा १४ किलोमीटरचा रस्ता अरुंद आणि सलग वळणांचा आहे. टपावर ग्लायडरच्या बोजड पिशव्या, आत कोंबलेली माणसं. मागच्या आडव्या बाकावर अजिबात बसू नका. भांडा, थांबा, पुढची जीप घ्या, पण तोंड पुढे करून बसा. नवऱ्याला आडव्या बाकावर बसवलं होतं, तो वर पोचला तोच पांढराफटक होऊन, आणि हवेत जे व्हायचं ते झालं. लोक पॅराग्लायडिंगला दोष देतात, माझ्या मते पोट बिघडतं ते या पाऊण तासात. सकाळी भरपेट आलू पराठे खाऊन निघू नका. रिकाम्या पोटीही नको. दोन बिस्किटं, थोडं पाणी, बस.

आता टेकऑफ. संपूर्ण प्रकारातला खरा अवघड भाग हाच आहे आणि त्याबद्दल कोणीही आधी नीट सांगत नाही. आमचं प्रशिक्षण एका वाक्यात उरकलं: “दीदी, भागना है, बैठना नहीं.” वाक्य बरोबर आहे, पण का ते कळलं पाहिजे. ग्लायडरचं कापड डोक्यावर उभं राहिलं की ते तुम्हाला आधी मागे खेचतं. तुम्ही उतारावर पळत असता आणि कोणीतरी कमरेला धरून ओढतंय असं वाटतं. इथे नवखा माणूस दचकून थांबतो किंवा पाय वर घेऊन बसायला बघतो. तसं झालं की सगळं वजन पायलटवर येतं, पुरेसा वेग मिळत नाही आणि दोघं उतारावर आपटतात. आमच्या पुढच्या जोडीचं तेच झालं. मुलगी बसली, दोघं गवतावरून घसरत गेली. नशिबाने खरचटण्यावर निभावलं.

म्हणून मागे ओढ जाणवली की अंग पुढे झुकवा आणि अजून जोरात पळा. जमीन सुटली तरी हवेत पाय मारत राहा. पायलट ‘बैठो’ म्हणेल तेव्हाच मागे सरकून सीटवर बसा. हाताने वरच्या दोऱ्या किंवा पट्टे धरू नका, हात छातीजवळ ठेवा. पंधरा-वीस पावलं जीव तोडून पळता येत नसेल, गुडघ्याचं किंवा कमरेचं दुखणं असेल, तर हे उड्डाण तुमच्यासाठी नाही. एजंट काहीही म्हणो. गरोदर बायका, हृदयरोगी आणि नुकतंच ऑपरेशन झालेले यांनीही विचार करू नये. माझ्या पोटऱ्या परतीच्या गाडीत इटारसीपर्यंत दुखत होत्या.

पळण्याआधी हार्नेसचे, म्हणजे अंगाला बांधायच्या सीटचे, पट्टे स्वतः मोजा: दोन्ही मांड्यांचे दोन आणि छातीचा एक. नंतर खांद्याजवळच्या दोन कड्या, ज्यांनी तुम्ही मुख्य पट्ट्यांना जोडले जाता. प्रत्येकाचा ‘टक’ आवाज आला पाहिजे आणि ओढून पाहिल्यावर सुटता कामा नये. मांडीचा पट्टा राहिला तर माणूस हार्नेसमधून खाली घसरू शकतो. गर्दीत पायलट घाईत असतात, त्यामुळे लाजू नका, बोट ठेवून विचारा. हेल्मेट डोक्यावर हलत असेल तर बदलून मागा. राखीव पॅराशूट कुठे आहे तेही विचारा. साधारण सीटच्या खाली किंवा पायलटच्या बाजूला असतं. नाही म्हणाला तर उडू नका. आणि टेकऑफला पाठीमागून वारा येत असेल तर पायलट थांबतात, तेव्हा त्याच्यामागे ‘चला ना’ म्हणून लागू नका. तासभर थांबवणारा पायलट चांगला पायलट.

उतरणं सोपं आहे. सांगितल्यावर पाय वर, किंवा उभे राहून चार पावलं. तो सांगेल ते.

कपड्यांचं एवढंच: बांधायचे बूट, फुल पँट, विंडचीटर. ओढणी नको, केस बांधलेले, चष्म्याला दोरी. दिवाळीत नागपुरात पंखे चालू असतात, तिथे वर उभं राहून हात बधिर होतात. व्हिडिओ घेतलाच तर उतरल्यावर तिथेच आपल्या फोनमध्ये उतरवून, उघडून, शेवटपर्यंत पाहून मग निघा. ‘शाम को भेज देंगे’ चालवून घेऊ नका.

प्रवासाबद्दल: आम्ही नागपूरहून रात्रीच्या गाडीने दिल्ली आणि तिथून रात्रीच्या बसने बीर असं केलं. लागोपाठ दोन रात्री बसून-झोपून काढल्यावर त्याच सकाळी उडायला नेणारं पॅकेज घेऊ नका. मधे एक पूर्ण दिवस झोपा. नागपूरवरून जम्मू-कटऱ्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या पठाणकोटला थांबतात, तिथून मंडीच्या रस्त्याने चार-पाच तासांत बैजनाथमार्गे बीर येतं. पुढच्या वेळी मी तसंच जाईन, दिल्लीचा फेरा नको. बीरचे मठ, चहाचे मळे, बैजनाथचं जुनं शिवमंदिर हे सगळं छान आहे, त्याची माहिती कुठेही मिळेल.

एवढ्या लांब जायचं नसेल तर पुण्याजवळचं कामशेत आहे. नागपूरहून रात्री निघालात की सकाळी पुण्यात. पण तिथले डोंगर बुटके आहेत. डोंगरावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगायचं असतं, त्यामुळे वारा पडला की काही मिनिटांत खाली. उडायची चव घ्यायला ठीक, बिलिंगची सर नाही. पावसाळ्यात दोन्हीकडे जाऊ नका. हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणं बंदच असतात, आणि त्या काळात कोणी ‘करवून देतो’ म्हणाला तर तो तुमच्या जिवाशी खेळतोय.

शेवटचं. बीरला उड्डाणासाठी एक दिवस जास्तीचा ठेवा. ढग आले, वारा फिरला की दिवसभर सगळं थांबतं आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं असलं की माणूस नको त्या हवेत उडायला तयार होतो. पैसे देताना ‘हवामानामुळे रद्द झाल्यास पूर्ण परत’ हे पावतीवर लिहून घ्या, खाली तारीख आणि सही. तोंडी आश्वासन आम्हालाही मिळालं होतं.