तुम्ही विचारलंत म्हणून: सोळा मात्रांना किती आयसी?

मी घरी बनवलेला सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, पाहून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मंडळी हमखास विचारतात, "मायक्रोकंट्रोलर कशाला? काउंटर आणि गेट्स लावून हेच झालं असतं की!"

झालं असतं, नक्कीच. काउंटर म्हणजे ठोके मोजणारा आयसी (चिप), गेट्स म्हणजे हो-नाही ठरवणारी साधी सर्किटं. तरीही सिक्वेन्सरचं, म्हणजे ओळीनं सूर वाजवायचं काम मी एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या चिपकडे दिलंय. कारण ताल.

सीडी ४०१७ हा काउंटर घ्या. त्याचे दहा आउटपुट दर ठोक्याला एकामागून एक वर जातात. झपतालाच्या १० मात्रा त्यात चपखल बसतात. रूपकाच्या ७ हव्यात? आठवा आउटपुट रिसेटला जोडा, एका वायरचं काम. तीनतालाला मात्र १६ लागतात. म्हणजे दोन ४०१७, शिवाय पहिला संपला की दुसऱ्याला पुढे करणारी गेट्स. आता जोर कुठे द्यायचा ते बघा. समेसाठी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसाठी, पहिल्या आउटपुटवरून वायर काढली, तीनतालात छान चाललं. रूपकात सम खालीवरच, म्हणजे टाळी नसलेल्या जागीच येते, तिथे हात हलका हवा. मग ती वायर तोडा, डायोड हलवा, पुन्हा डाग द्या. आणि एखादा आयसी कमी पडला की ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड.

प्रोग्रॅममध्ये रूपक म्हणजे ३, २, २ आणि पहिला विभाग खालीचा, एवढीच एक ओळ. आमच्या नौपाड्यात तबला शिकणारी मुलं "काका, एकताल लावा ना" म्हणतात, तेव्हा ती समोर बसलेली असतानाच लावता येतो. मला याचं फार मोल वाटतं. वाद्यानं वाजवणाऱ्याचं ऐकायला हवं.

कीबोर्ड जोडतानाही तेच. कीबोर्डनं कुठली पट्टी दाबली ते कळवायची ठरलेली पद्धत म्हणजे मिडी. १९८३ मध्ये आलेल्या या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. चिपच्या घड्याळाच्या १६ मेगाहर्ट्झला ५१२ ने भागा, नेमका हाच आकडा येतो, त्यामुळे चिपचा सीरियल पोर्ट ते बिनचूक वाचतो. हेच गेट्सनी करायचं तर त्यालाच एक अख्खा बोर्ड जाईल.

आवाज मात्र मी चिपमधून काढत नाही. सूर काढणारा ऑसिलेटर आणि त्याला घडवणारा फिल्टर अ‍ॅनालॉगच, म्हणजे आकड्यांशिवाय थेट व्होल्टेजवर चालणारे. ही वाटणी जुनीच आहे: १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये आवाज अ‍ॅनालॉग होता, पट्ट्या वाचायला आणि आवाजाच्या सेटिंग्ज साठवायला झेड८० हा मायक्रोप्रोसेसर होता.

आणि एका जागी ४०१७ अजून आहे. त्याच्या दहा आउटपुटांना दहा पॉट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायची फिरती बटणं, लावलेत. त्याला सेकंदाला २,२०० ठोके दिले की दहा पायऱ्यांची लाट २२० वेळा फिरते आणि चक्क सूर ऐकू येतो. पॉट फिरवला की त्या सुराची जात बदलते. हे काम बटणं आणि डिस्प्लेही सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर टाकलं, तर पायऱ्या किंचित मागेपुढे होतात आणि कानाला खरखर जाणवते. ४०१७ ला असं दुसरं काहीच बघायचं नसतं, शिवाय तो थेट १२ व्होल्टवर चालतो. तिथून तो मी काढणार नाही.